लाल दोऱ्याची बरणी

फोन माझा नव्हता. ओट्याशेजारच्या बोर्डाला धाकट्या जावेनं चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला आणि त्यावर 'बाळी' अशी अक्षरं आली. बाळी म्हणजे माझी लेक. जावेनं तिचा नंबर त्या शब्दाखाली साठवला आहे. माझ्या फोनमध्ये तो नाव आणि आडनावासह आहे.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. जाऊ आणि दीर मोटारसायकलवर शेजारच्या वस्तीवर बारशाला गेले होते, नवरा उसाला पाणी द्यायला विहिरीकडे. घरात मी एकटी. मी फोन उचलला आणि "हं" म्हणाले.

लेक पलीकडून एका दमात बोलली. "काकू, ऐक. आम्ही तिघी येतोय. भंडारदऱ्याहून परत सुप्याला चाललोय, आत्ता लोणीत आहोत. पाऊण तास धर. जेवण नको, जेवलोय. फक्त तुझं ते तव्यावरचं चीज कर, या दोघींना मी केव्हापासून सांगतेय. आणि आईला आधी सांगू नकोस. ती उगाच परीक्षेला बसल्यासारखी करते."

मी पुन्हा "हं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

पहिला हुंकार सवयीचा होता. दुसरा तसा नव्हता. दुसऱ्याच्या आधी 'अगं, मी आहे' एवढं म्हणायला वेळ होता आणि ते मी म्हणाले नाही.

माझ्या लेकीला तिच्या काकूनं वाढवलं असं आमच्या भावकीत म्हणतात. ते खरं आहे. लेक चार वर्षांची होती तेव्हापासून तिची बारावी होईपर्यंत मी नगरला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. कामाची वेळ दुपारी चार ते रात्री एक. देवळाली प्रवरेजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून नगरला एक खोली घेतली होती. आठवड्याची सुट्टी बुधवारी मिळायची. बुधवारी सकाळच्या एसटीनं मी वस्तीवर पोचायचे, तेव्हा लेक शाळेत गेलेली असायची. संध्याकाळी भेटायची. गुरुवारी ती शाळेत असतानाच मी परतीची गाडी धरायचे. ही व्यवस्था माझ्यावर कुणी लादली नव्हती. मला ते काम आवडत होतं. हे स्पष्ट लिहिते, कारण लोकांना मी ते काही वेळा वेगळ्या प्रकारे सांगितलं आहे.

जाऊ अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची. सातवीपर्यंत शिकलेली. ती लग्न होऊन आली तेव्हा लेक तीन वर्षांची होती. जावेला पुढे दोन मुलगे झाले, मुलगी नाही. लेकीची वेणी, दप्तर, ताप, शाळेतल्या सह्या हे सगळं तिनं केलं. मी घरी असले की लेक माझ्याशी नीट बोलायची. प्रश्न विचारले की पूर्ण वाक्यात उत्तरं द्यायची. मग उठून गोठ्यात काकूकडे जायची आणि तिथून दोघींच्या बोलण्याचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. मी ते कळावेत म्हणून खिडकीशी उभी राहिले आहे, एकदा नव्हे.

तव्यावरचं चीज त्या दोघींचं. लेक पाचवीत असताना श्रीरामपूरला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली आणि तसा पिझ्झा घरी हवा म्हणाली. जावेनं तो पाहिलेला नव्हता. तिनं विचारलं, खाली काय होतं, वर काय होतं, गरम होतं का, आणि लेकीनं सांगितलं त्यावरून आपल्याकडे जे होतं ते घेतलं. सकाळच्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा सुरीनं अलगद उचलायचा. आत लसणाची चटणी पसरायची, तिच्यावर किसलेलं चीज घालायचं, पापुद्रा पुन्हा मिटवायचा. तव्यावर लोण्याचा गोळा, मंद आच, वर झाकण. चीज वितळलं की भाकरीचे चार तुकडे करायचे. सगळं मिळून सात मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

वस्तीवर येणारा माणूस सहसा सांगून येत नाही. गुरांचा डॉक्टर, बँकेचा साहेब, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. गाडी बांधावरून वळताना दिसली की जाऊ गॅस पेटवते. पाहुणा चप्पल काढून, पाणी पिऊन, यंदा ऊन किती आहे हे बोलून होईपर्यंत ताटली त्याच्यासमोर असते. लोक त्या ताटलीची आठवण काढतात. तीन वर्षांपूर्वी आमची आवृत्ती दुसऱ्या शहरातून निघायला लागली आणि मी नोकरी सोडून कायमची वस्तीवर आले. त्या वेळी जुने दोन सहकारी मला भेटायला आले होते. आम्ही दीड तास बोललो. घरी पोचल्यावर त्यांतल्या एकानं मला संदेश पाठवला, त्यात जावेला नमस्कार होता आणि भाकरीची कृती मागितली होती. मी ती पाठवली. चटणीत ती शेंगदाणे किती घालते ते मला माहीत नव्हतं, म्हणून अंदाजानं एक आकडा घातला. बातमीत मी असं कधी केलं नसतं.

मी स्वतः ते एकदाच करून पाहिलं होतं, लेक नववीत असताना, एका बुधवारी. बाजरी नव्हती म्हणून ज्वारीची भाकरी घेतली. पापुद्रा फाटला, चीज तव्यावर उतरलं आणि करपलं. लेकीनं दोन तुकडे खाल्ले, "छान आहे" म्हणाली आणि ताटली धुऊन ठेवली. काकूला ती 'छान आहे' कधी म्हणत नाही. काकूला ती 'अजून' म्हणते.

त्यामुळे त्या रविवारी फोन बंद झाल्यावर मी काय ठरवलं ते सांगणं अवघड नाही. जावेला बोलवायला माणूस पाठवायचा नाही. पाऊण तासात लेकीसमोर आणि तिच्या मैत्रिणींसमोर एक गरम ताटली ठेवायची. ती माझ्या हातची असेल आणि लेक दुसऱ्यांदा हात पुढे करील. मला तेवढंच हवं होतं.

फ्रिजच्या दारात चीजचं खोकं होतं, पण रिकामं. जाऊ रिकामं खोकं टाकत नाही, पुढच्या बाजारात आणायची आठवण म्हणून ते जागेवर ठेवते. फाट्यावरच्या दुकानात बिस्किटं आणि साबण मिळतात, चीज नाही. राहुरी फॅक्टरीच्या बाजारात मिळालं असतं, पण मोटारसायकल बारशाला गेलेली होती. तीन चाळीस झाले होते.

पनीर करायचं मनात आलं आणि लगेच त्यातली अडचणही. आमच्या घरातून रोज चाळीस-पंचेचाळीस लिटर दूध संकलन केंद्रावर जातं, आणि त्याच घरात पनीर आणि चीज विकत आणतात. दुधाचं जनावर दारात असलेल्या घरानं दूध मुद्दाम नासवू नये, गोठ्याला बरं नसतं, असा सासूबाईंचा नियम होता. त्या गेल्या, तरी जाऊ तो पाळते. मी या नियमावर एकदा हसले होते. त्यावर जाऊ म्हणाली होती, "हसा ताई. तुमाला काय, तुमचं दूध पिशवीतलं." नगरच्या खोलीवर मी पिशवीतलंच दूध घेत असे, तेव्हा उत्तर बरोबर होतं.

त्या दुपारी मी तो नियम मोडायचं ठरवलं. पातेल्यात चहापुरतं दूध होतं, त्याला हात लावता येत नव्हता. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र स्टीलची एक झाकणाची बरणी होती. कडीला लाल दोरा बांधलेला. आत तीन लिटरच्या आसपास दूध, जरा पिवळसर. वस्तीवर भांडी इकडून तिकडे जातात, कुणी नाव घालून घेतं, कुणी रंगाचा ठिपका देतं. दोरा त्यासाठीच असेल असं मी धरून चालले. पिवळेपणाचं कारण साय असेल असं धरलं. दोन गोष्टी मी न तपासता धरल्या.

गुरुवारी पहाटे आमची एक गाय व्यायली होती, हे मला माहीत होतं. त्या दिवशी जावेनं चिकाचा खरवस केला, देवापुढे ठेवला आणि शेजारच्या तीन वस्त्यांवर वाट्या पोचवल्या. मीही खाल्ला. चीक हा पहिल्या दिवसाचा प्रकार आणि दुसऱ्या दिवसापासून दूध, एवढंच माझं ज्ञान. शेतीच्या पानावर तीन वर्षं मी मथळे दिले आहेत. गायीखाली बसले एकदाही नाही.

तीन चव्वेचाळीसला मी बरणी मोठ्या पातेल्यात उपडी केली आणि गॅस पूर्ण सोडला. दोन लिंबं चिरून बाजूला ठेवली. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, जिरं, मीठ एका वाटीत काढलं. दुधाला उकळी यायच्या आधीच ते कडेनं सुटायला लागलं. मी लिंबू हातात घेतलं होतं, पिळलं नव्हतं. डाव फिरवला तर खाली घट्ट गाठी लागल्या. मिनिटभरात सगळं पातेलं फाटून हिरवट पाणी वेगळं झालं. भांड्याला आंबूस काही लागलं असेल असं मला वाटलं. खरं तर बरंच वाटलं. लिंबू पिळलं नाही म्हणजे दूध मी नासवलं नाही, ते आपण होऊन नासलं, असा हिशेबही तेवढ्यात मनाशी झाला.

स्वच्छ धोतराच्या तुकड्यात ते ओतलं. गरम असतानाच वाटीतला मसाला कालवला. पुरचुंडी बांधली, ताटात ठेवली आणि वर पाण्यानं भरलेली कळशी. पंधरा मिनिटांनी सोडली तर पांढऱ्यापेक्षा पिवळ्याकडे झुकणारी एक सलग वडी मिळाली. एवढ्या कमी वेळात एवढी घट्ट वडी मी कुठं पाहिली नव्हती. तिचे बोटभर जाडीचे चौकोन कापले. तवा तापवला, तूप सोडलं आणि पहिला घाणा लावला. कडा लालसर झाल्या, उलटले, दुसरी बाजू तशीच. चव पाहायची राहिली. गाडीचा आवाज आला तेव्हा चार पंचवीस झाले होते. कोल्हारच्या पुढं रस्ता खराब होता म्हणून त्यांना पाच मिनिटं जास्त लागली.

लेक आधी स्वयंपाकघराच्या दारात आली. तव्यापाशी मला पाहून थांबली. "काकू कुठंय?"

बारशाला गेलीय, येईल, असं मी सांगितलं. तिनं बोर्डाकडे पाहिलं. फोन तिथंच होता. मग ती मैत्रिणींना हात धुवायची जागा दाखवायला गेली.

मैत्रिणी दोघी तिच्याच वयाच्या, सुप्याच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात तिच्याबरोबर तपासणी विभागात. तिघी एकत्र खोली घेऊन राहतात. एक कोल्हापूरकडची, बोलकी. मी ताटली खाली ठेवली तशी ती म्हणाली, "काकू, अखेर तुमचं दर्शन झालं. आम्ही दोन वर्षं नुसतं ऐकतोय."

"ही काकू नाही," लेक म्हणाली. "ही आई."

"सॉरी हं, आई." मग ती सावरून घेत म्हणाली, "म्हणजे तुम्ही पेपरवाल्या." होय, म्हटलं.

त्यांनी खायला सुरुवात केली. पहिले चार चौकोन लगेच गेले. बोलकीनं विचारलं, हे कुठलं चीज, आमच्याकडे असं मिळत नाही. दुसरी काही न बोलता खात होती, आणि ते मला जास्त आवडलं. लेकीनं एक चौकोन उचलला, मोडला, आतली बाजू पाहिली आणि तोंडात टाकला. मी तव्याचं निमित्त करून दारातच उभी होते.

"चीज नाहीये हे," ती म्हणाली.

"पनीर. घरी केलं."

"पनीर भुगा होतं. हे दाताखाली रबरासारखं लागतंय." तिनं आणखी एकदा चावलं. "आई, हा चीक आहे. दूध कुठलं घेतलंस?"

"फ्रिजमधलं. बरणीतलं."

"दोरा होता?"

"होता."

तिनं मान खाली घातली. हसते आहे की काय ते मला कळेना. बोलकीनं विचारलं, दोऱ्याचं काय? लेकीनं तिला समजावून सांगितलं, आणि ते मीही तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. गाय व्याली की पाच दिवस तिचं दूध वेगळं ठेवतात. ते डेअरीच्या कॅनमध्ये गेलं तर तापवल्यावर सगळंच फाटतं आणि केंद्रावरचा माणूस अख्खा कॅन परत पाठवतो. म्हणून त्या बरणीला लाल दोरा. धार काढणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. ती सहावीत असल्यापासून बरणीला दोरा तीच बांधायची.

"म्हणजे उद्याचा डबा हाच का?" दुसरी मैत्रीण म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती.

मला डबा माहीत नव्हता. तो कसला ते लेकीनं सांगितलं नाही, त्या मैत्रिणीनंच सांगितलं. शेजारच्या वस्तीवरचा एक जण सुप्याला कामाला जातो. गाय व्याली की त्याच्याबरोबर काकू खरवसाचा डबा पाठवते. तिघी मिळून एका बैठकीत संपवतात. दोन वर्षं झाली. आमच्याकडे नऊ गायी आहेत. डबे किती गेले असतील याचा अंदाज करता येतो. त्यातला प्रत्येक डबा मी राहत असलेल्या घरातून, मी वापरत असलेल्या गॅसवरून गेला होता.

मी दुसरा घाणा उलटायला आत गेले. तूप तापून धूर यायला लागला होता.

तेवढ्यात मोटारसायकल आली. जाऊ बारशाची साडी सावरत मागच्या दारानंच आत शिरली. ओट्यावर रिकामी बरणी होती, शेजारी न पिळलेली लिंबं. दोरा कडीलाच होता. तिनं बरणीकडे पाहिलं, मग तव्याकडे, मग बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजांकडे कान दिला. पदर खोचला आणि बाहेर गेली. मी तिच्या मागोमाग ताटली घेऊन गेले.

लेक उठून तिच्या गळ्यात पडली. ते नेहमीचं होतं. मग म्हणाली, "काकू, तुझा चीक आईनं तळला."

"तळीना का," जाऊ म्हणाली. "मीच म्हनलं ताईंना. चीज संपलंय, चीक हाय, त्याचं करा."

"पण मी तर फोनवर तुला सांगितलं होतं, आईला सांगू नकोस म्हणून."

जावेला त्या फोनची काहीच कल्पना नव्हती. ती किती वेळ थांबली ते मी पाहत होते. थांबलीच नाही. दारातून आतल्या बोर्डाकडे नजर टाकून म्हणाली, "सांगितलं व्हतंस. पर न्हाई ऱ्हावलं मला. बारशाला जायाचं व्हतं, पाव्हण्या यायच्या, मग मानूस काय करनार? तुज्या आईला सोडून गेले."

एका वाक्यात तिनं माझी चूक स्वतःच्या हुकमाखाली घेतली आणि दुसऱ्या वाक्यात माझा खोटेपणा स्वतःच्या नावावर. मी चौदा वर्षं इतरांची वाक्यं दुरुस्त केली, पण एवढ्या वेगानं आणि एवढं बिनचूक मला कधी जमलं नाही. तिथं गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. मैत्रिणी खातच होत्या. लेकीनं ते मानलंही होतं, किंवा मानायला तयार होती.

"फोन मी उचलला होता," मी म्हणाले. "तिला काही माहीत नाही. ती सव्वातीनलाच बारशाला गेली."

हे मी प्रामाणिकपणापोटी बोलले नाही. जावेच्या उपकाराखाली लेकीसमोर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. ज्या बाईनं माझी मुलगी वाढवली तिनं माझं खोटंही सांभाळावं, हे मला नको होतं.

बोलकी मैत्रीण चावायची थांबली. लेकीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देण्याआधी ती असंच पाहायची.

"म्हणजे सगळं ऐकलंस."

"ऐकलं."

"परीक्षेचंही."

"तेही."

जाऊ मध्येच म्हणाली, "काय परीक्षा?" लेकीनं ताटलीतला एक चौकोन उचलला, पुन्हा मोडला, खाल्ला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग दुसरा उचलला.

जावेनंही एक घेतला. तिनं तो तोंडात घोळवला, आत जाऊन मिठाची वाटी आणली आणि मधोमध ठेवली. "नासवलं न्हाई ना तुमी, ताई? लिंबं तशीच हायेत."

नाही, आपोआप फाटलं, असं मी म्हणाले.

"मग झालं. चौथ्या दिवसाचा चीक, त्यो फाटनारच." गोठ्याची काळजी तिनं एवढ्यावर संपवली. डब्याबद्दल बोलली नाही. दुसऱ्या मैत्रिणीनं, आता उद्या काय, असं विचारलं तेव्हा म्हणाली, संध्याकाळची धार हाय की, थोडा थांबा, डबा बरोबरच न्या.

मग त्या थांबल्या. पाच वाजता धारेची वेळ झाली. लेक काकूबरोबर वासरू पाहायला गोठ्यात गेली. मी मैत्रिणींना चहा दिला. त्यांनी मला पेपरच्या कामाबद्दल विचारलं आणि मी सांगितलं. पान किती वाजता सुटतं, मथळा बसला नाही तर काय करतात. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. गोठ्यातून बोलण्याचा आवाज येत होता. एकदा दोघी मोठ्यानं हसल्या. शब्द कळत नव्हते. मी मैत्रिणींशी बोलत राहिले, पण खिडकीकडे तोंड करून.

सहा वाजता गाडी निघाली. डबा पुढच्या सीटवर ठेवला होता. लेक मला "येते" म्हणाली, मिठी मारली आणि पदराला तुपाचा वास येतोय म्हणाली. बांधावरून वळेपर्यंत हात काकूला केला की मला, ते सांगता येणार नाही. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो.

आत आल्यावर मी पातेलं घासलं. जावेनं बरणी घासली आणि दोरा सोडून नवा बांधला. भांडी लावताना तिनं फक्त एक विचारलं. "फोनवर नेमकं काय म्हनली ती?"

मी तिला सगळं सांगितलं, परीक्षेसकट. तिनं हातातलं ताट मांडणीत लावलं. मग म्हणाली, "तुमच्यासमोर ती भेती. माज्यासमोर न्हाई भेत. मला वाटायचं, ती तुमाला जास्त मानती."

हे तिनं किती वर्षं धरून ठेवलं होतं ते मी विचारलं नाही. तिलाही माझ्याकडचं काही हवं होतं, ही माहिती मला नवी होती. त्या माहितीनं मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं, की मी असं वाक्य तिला कधीच बोलू शकले नसते.

त्यानंतर अडीच महिन्यांनी दुसरी गाय व्यायली. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात गहू निवडत होते. गोठ्यात जावेचा फोन वाजला. ती एका हातानं वैरण टाकत, दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून बोलत होती. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. लाल दोऱ्याची बरणी तिच्या हातात होती. ती तिनं माझ्यापुढं ठेवली.

"ताई, बाळीचा फोन व्हता. रविवारी येनार हायेत. खरवस नको म्हनली. आईला सांग, तिचं ते तव्यावरचं कर. मीठ बघून घाल म्हनली."

बरणी भरलेली होती आणि रविवारला तीन दिवस होते. मी ती फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली. दोरा पुढच्या बाजूला येईल अशी फिरवली. परत आले तेव्हा जाऊ सुपातले खडे काढत बसली होती. मी तिला विचारलं, आणखी काही म्हणाली का.

"न्हाई."

"अर्धा तास बोलत होती."

"व्हय," जाऊ म्हणाली, आणि एक खडा बाजूला टाकला. "असंच."